परत आलेले पाकीट



आजच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. टपालाचे पाकीट, त्यासंबंधीचे पेटंट आणि त्या पेटंटाचे अपील! दिवसभराच्या उन्हानंतर जरा वारा सुटण्याच्या वेळी कायद्याची पोथी कोण ऐकत बसणार? मी पोथी सोडणार नाही, एवढे आश्वासन आरंभीच देतो. माझा प्रश्न साधा आहे. सरकारने एका कचेरीतून नागरिकाला एखादा हक्क द्यावा, आणि पुढे तो हक्क सरकारच्याच दुसऱ्या खात्याला अडचणीचा वाटू लागला म्हणजे त्या खात्याने पहिल्या कचेरीकडे जाऊन तो रद्द करून आणावा, हे न्याय्य आहे काय? अमेरिकेत हा प्रश्न एका परत आलेल्या पाकिटावरून निघाला आणि २०१९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेथे त्याचा निकाल लागला तो एका शब्दाच्या अर्थावर. तो शब्द म्हणजे ‘व्यक्ती’.

त्या खटल्याकडे वळण्यापूर्वी पाकिटाची थोडी हकीकत सांगितली पाहिजे. कारण पाकिटासारख्या क्षुल्लक वस्तूत शोध लावण्यासारखे असते तरी काय, अशी शंका मनात राहिली तर पुढचे सगळेच पोकळ वाटेल.

पाकीट ही वस्तू आपण समजतो तितकी जुनी नाही. आपल्याकडे पूर्वी पत्राचीच घडी घालून ती बंद करीत आणि वर नाव लिहून लखोटा रवाना करीत. विलायतेतही १८४० पर्यंत बहुतेक पत्रे अशीच जात. ह्याचे कारण टपालहशिलात होते. हशील पत्राच्या तावांवर आणि अंतरावर आकारले जाई. एका तावाला एकपट, दोन तावांना दुप्पट. पत्राभोवती दुसरा कागद गुंडाळला की तोही ताव म्हणून मोजला जाई. रिकाम्या कागदाचे भाडे कोण भरणार? १८४० साली रोलंड हिल ह्यांच्या योजनेप्रमाणे हशील वजनावर आले. अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्राला, देशात कोठेही, एक पेनी. त्या दिवसापासून पाकीट परवडू लागले. मागणी वाढली आणि हाताने पाकिटे दुमडणारे हात अपुरे पडू लागले. तेव्हा रोलंड हिल ह्यांचे बंधू एडविन हिल आणि वॉरन डी ला रू ह्या दोघांनी पाकिटे दुमडण्याचे यंत्र तयार केले आणि १८४५ साली त्याचे पेटंट घेतले. म्हणजे पाकीट आणि पेटंट ह्यांची जोडी जवळजवळ पाकिटाच्या जन्मापासूनची आहे.

दुसरे उदाहरण आपल्या घरी रोज येते. बँकेचा खातेउतारा किंवा विम्याच्या हप्त्याची सूचना ज्या पाकिटातून येते, त्याला समोर एक लहानशी खिडकी असते. आतल्या कागदावर छापलेला पत्ता त्या खिडकीतून दिसतो, त्यामुळे पाकिटावर तो पुन्हा लिहावा लागत नाही. शिकागोच्या अमेरिकस कॅलहन नावाच्या गृहस्थांना ह्या पाकिटाचे अमेरिकन पेटंट मिळाले १० जून १९०२ रोजी. युक्ती अगदी लहान. पण ज्या कचेरीतून रोज हजार पत्रे निघतात तेथील कारकुनाचे हजार पत्ते लिहिणे वाचले, आणि एकाचे बिल दुसऱ्याच्या पाकिटात पडण्याची भीती गेली. १० जून ही तारीख ध्यानात ठेवावी. ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

आता पेटंट म्हणजे काय? सरकारी मराठीत त्याला ‘एकस्व’ म्हणतात आणि तो शब्द समर्पक आहे. परंतु पुष्कळांची समजूत अशी असते की पेटंट म्हणजे हुशारीबद्दल सरकारने दिलेले बक्षीस. तसे नाही. तो एक सौदा आहे. शोध लावणारा म्हणतो, माझी युक्ती मी सर्वांना उघड करून लिहून देतो. त्या विद्येचा माणूस ते वाचून ती वस्तू करू शकेल इतक्या स्पष्टपणे देतो. समाज त्याला म्हणतो, ठीक. तर मग काही वर्षे तुझ्या परवानगीवाचून ती कोणी वापरणार नाही. ही मुदत कॅलहन ह्यांच्या काळी अमेरिकेत पेटंट मिळाल्यापासून १७ वर्षांची होती. आता तेथे आणि आपल्याकडेही ती अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची आहे. मुदत संपली की युक्ती सर्वांची. घरोघर खिडकीची पाकिटे येतात ती अशी.

सौदा म्हटला की माल पारखून घ्यावा लागतो. युक्ती नवी हवी, उपयोगी हवी, आणि त्या धंद्यातल्या जाणत्या माणसाला सहज सुचेल अशी ती नसावी. ह्यातली तिसरी कसोटी सर्वांत कठीण. आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९७८ साली मिर्झापूरच्या भांडी तयार करण्याच्या एका पद्धतीचा वाद आला होता. लेथवर भांडे नीट धरून ठेवण्याची ती युक्ती होती. न्यायालयाने सांगितले की कारखान्यात काम करता करता जी सुधारणा कोणाही कसबी कारागिराला सुचते तेवढ्याने पेटंट मिळत नाही. तिच्यापलीकडे काही हवे. ते पेटंट टिकले नाही.

ह्याशिवाय आणखी एक अट आहे. ज्याला पेटंट द्यायचे ती वस्तू किंवा कृती असावी. नुसता विचार नसावा. ‘पत्ता चुकला तर पाठवणाऱ्याला बरोबर पत्ता कळवावा’ हा विचार चांगला आहे, पण त्यावर कोणाची मालकी चालू द्यायची नाही. उद्या कोणी ‘पाहुणा आला की पाणी द्यावे’ ह्यावर हक्क सांगेल! मात्र विचार कोठे संपतो आणि कृती कोठे सुरू होते, ही रेघ काढताना भले भले न्यायाधीश अडखळतात. आपल्या पाकिटाचा प्रवासही ह्या रेघेवर अडला.

आता मूळ हकीकतीकडे वळतो.

पत्र परत येण्याचा अनुभव आपणा सर्वांना आहे. लग्नपत्रिका पाठवावी आणि चार दिवसांनी ती ‘पत्ता अपूर्ण’ किंवा ‘मालक गाव सोडून गेले’ असा शेरा घेऊन परत यावी. आपल्याला एखादे पत्र परत येते. आपण चुकचुकतो आणि विसरतो. परंतु ज्या कंपन्या महिन्याला लाखो बिले पाठवतात त्यांचा विचार करा. अमेरिकेत लोक घरे वारंवार बदलतात. परत आलेल्या पाकिटांचे गठ्ठे कंपनीच्या दारात येऊन पडतात. ते फोडायचे, आतले नाव वाचायचे, हा ग्राहक कोण हे वहीत शोधायचे, त्याचा नवा पत्ता मिळवायचा आणि तो पुन्हा वहीत चढवायचा. हे सारे हाताने. तोवर पैसे थकलेलेच.

अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम येथील ‘रिटर्न मेल’ नावाच्या एका लहान कंपनीने ह्यावर तोड काढली. पाकीट रवाना करतानाच त्यावर रेघारेघांची सांकेतिक खूण छापायची. दुकानातल्या साबणाच्या वेष्टनावर असते तशी, जिला आपण बारकोड म्हणतो. त्या खुणेत पत्र कोणाला पाठवले होते इत्यादी माहिती भरलेली. पाकीट परत आले की ते फोडायला नको. यंत्राने खूण वाचायची, त्या माणसाचा नवा पत्ता संगणकाच्या साहाय्याने शोधायचा आणि तो पाठवणाऱ्याला परस्पर कळवायचा. पाकिटाच्या तोंडावरच त्याच्या परतीची तजवीज. ह्या पद्धतीचे पेटंट कंपनीला २००४ साली मिळाले.

अशी पद्धत सर्वांत जास्त उपयोगी कोणाला पडणार? अर्थात टपाल खात्याला. अमेरिकेचे टपाल खाते, म्हणजे युनायटेड स्टेट्स पोस्टल सर्व्हिस, आणि ही कंपनी ह्यांच्यामध्ये परवान्याबद्दल बोलणी झाली. करार झाला नाही. २००६ साली खात्याने पत्ताबदलाची आपली स्वतःची सुधारलेली सेवा सुरू केली. कंपनीने म्हटले, ही आमचीच युक्ती आहे, परवाना घ्या. खात्याने परवाना घेतला नाही. त्याऐवजी पेटंट कचेरीकडे अर्ज केला की हे पेटंट पुन्हा तपासून पाहावे.

ही फेरतपासणी कोणालाही मागता येते. अर्जदाराने कागद द्यायचे आणि बाजूला व्हायचे; पुढे पेटंट कचेरी आणि पेटंटाचा मालक ह्यांच्यातच पत्रव्यवहार चालतो. कचेरीने तपासणी केली. जुनी कलमे रद्द केली, पण त्यांच्या जागी नवी कलमे मंजूर केली. म्हणजे शब्द बदलले, पेटंट कायम राहिले. २०११ साली ही पहिली फेरी कंपनीने जिंकली आणि सरकारवर भरपाईचा दावा लावला.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. तुमच्या पेटंटाचा वापर एखाद्या शेजारच्या कारखानदाराने केला तर तुम्ही न्यायालयाकडून मनाई हुकूम आणू शकता. त्याचा कारखाना थांबवू शकता. अमेरिकन सरकारच्या बाबतीत तसे करता येत नाही. सरकारला कोणताही पेटंट झालेला शोध वापरता येतो. मालकाला फक्त वाजवी मोबदला मागता येतो आणि तोही एका ठराविक न्यायालयात, ज्यूरीवाचून. सरकारचे कामकाज एका पेटंटासाठी बंद पडू नये हा त्यामागचा हेतू. हेतू रास्त आहे. पण ह्याचा अर्थ असा की सरकारशी लढणाऱ्याच्या हातातले सर्वांत धारदार हत्यार कायद्याने आधीच काढून घेतलेले आहे. लवकरच ह्या मुद्द्याचे महत्त्व दिसेल.

दावा चालू असताना टपाल खात्याने दुसरी वाट धरली. २०११ साली अमेरिकेत पेटंटाचा नवा कायदा झाला होता. वाईट पेटंटे फार झाली आहेत आणि ती न्यायालयात रद्द करून घ्यायला फार खर्च येतो, अशी तक्रार होती. म्हणून कायद्याने पेटंट कचेरीतच एक मंडळ नेमले आणि त्याच्यापुढे पेटंटाला आव्हान देण्याच्या नव्या वाटा काढल्या. ही पूर्वीची फेरतपासणी नव्हे. हा चक्क खटला. दोन पक्ष समोरासमोर, पुरावा, युक्तिवाद आणि मंडळाचा निकाल. त्यांतली एक वाट खास धंद्याच्या पद्धतींवरील पेटंटांसाठी होती. ती २०२० साली मुदतीप्रमाणे बंद झाली, बाकीच्या चालू आहेत. २०१४ साली टपाल खाते ह्या धंद्याच्या वाटेने गेले.

त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ॲलिस ह्या नावाने प्रसिद्ध झालेल्या खटल्यात सांगितले होते की एखादा जुना, अमूर्त विचार नुसता संगणकावर चढवला म्हणून तो शोध होत नाही. त्या वाऱ्यात आपले पाकीट सापडले. मंडळाने ठरवले की पत्त्याची माहिती इकडून तिकडे कळवणे हा अमूर्त विचार आहे. रेघांची खूण आणि संगणक ह्यांनी त्यात शोध म्हणावा असे काही भरत नाही. ज्या कचेरीने २००४ साली पेटंट दिले आणि २०११ साली तपासून कायम केले, तिच्याच मंडळाने ते आता रद्द केले. कंपनीने अपील केले. अपील न्यायालयाने २०१७ साली मंडळाचा निकाल उचलून धरला, पण तीन न्यायाधीशांत मतभेद होऊन, दोनास एक.

विरुद्ध मत देणाऱ्या न्यायाधीश पॉलिन न्यूमन ह्यांनी जो आक्षेप घेतला तो पाकिटाबद्दल नव्हता, बारकोडबद्दलही नव्हता. तो असा की टपाल खात्याला ह्या मंडळापुढे येण्याचा अधिकारच नाही. कायद्यात लिहिले आहे की पेटंटाचा मालक नसलेली ‘व्यक्ती’ असा अर्ज करू शकते. सरकार ही व्यक्ती आहे काय?

ह्या एका शब्दावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल लागला १० जून २०१९ रोजी. कॅलहन ह्यांच्या खिडकीच्या पाकिटाला बरोबर ११७ वर्षे झाली तो दिवस. केवळ योगायोग.

सहा न्यायाधीश एका बाजूला, तीन दुसऱ्या. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर ह्यांनी लिहिला. त्यांचा युक्तिवाद आपल्याला घरबसल्या समजण्यासारखा आहे. त्या म्हणतात, कायद्यात ‘व्यक्ती’ असा शब्द आला आणि त्याची वेगळी व्याख्या दिली नाही, तर त्यात सरकार येत नाही असेच धरून चालण्याची फार दिवसांची रीत आहे. शब्दांचे अर्थ ठरवणारा जो सर्वसाधारण कायदा आहे त्यात ‘व्यक्ती’ ह्या शब्दात माणसे, कंपन्या, संस्था, भागीदाऱ्या अशी यादी आहे. तीत सरकारचे नाव नाही. सरकारपक्षाने उत्तर दिले की पेटंट कायद्यात ‘व्यक्ती’ हा शब्द आणखी निदान अठरा ठिकाणी आहे आणि काही ठिकाणी त्यात सरकार येते. सरकारला पेटंट घेताही येते. न्यायालय म्हणाले, काही ठिकाणी येते आणि काही ठिकाणी येत नाही, तेव्हा त्यातून एकच एक सूत्र निघत नाही. मग मूळ रीत मोडण्याला आधार कोणता?

ह्यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सरकार इतर प्रतिवादींसारखे नसते, असे न्यायालयाने दाखवून दिले. इतरांना मनाई हुकुमाची भीती, ज्यूरीची भीती, दंडात्मक भरपाईची भीती. सरकारला ह्यांतले काहीच नाही. इतरांना स्वस्त आणि जलद वाट काढून देण्याची जी निकड होती, ती सरकारला तितकीशी लागू होत नाही. शिवाय, एका साध्या नागरिकाने आपला हक्क सांभाळण्यासाठी सरकारच्या एका खात्याशी भांडायचे आणि त्याचा न्याय सरकारच्याच दुसऱ्या खात्याने करायचा, ही परिस्थिती चमत्कारिक आहे. कायदे करणाऱ्यांना अशी परिस्थिती आणायची असती तर त्यांनी तसे स्पष्ट लिहिले असते.

तिघांच्या वतीने न्यायमूर्ती स्टीफन ब्रायर ह्यांनी विरुद्ध मत लिहिले, आणि ते हलके नव्हते. ते म्हणतात, ह्या वाटा काढल्या कशासाठी? वाईट पेटंटे लवकर निघून जावीत म्हणून. पेटंट वाईट असेल तर त्याचा भार सरकारवर, म्हणजे शेवटी कर भरणाऱ्या जनतेवरही पडतो. सरकारवर पेटंटाबद्दल दावा लागू शकतो. मग दावा लागलेल्या इतर सर्वांना जो बचाव मिळतो तो एकट्या सरकारला का नाकारायचा?

श्रोतेहो, दोन्ही बाजू ऐकल्यावर माझे मन बहुमताकडे झुकते, आणि कारणे सांगणे माझे कर्तव्य आहे. पेटंट खोटे असेल तर ते गेलेच पाहिजे, ह्याबद्दल वाद नाही. प्रश्न ते कोणापुढे जावे एवढाच आहे. सरकारला खुल्या न्यायालयात हे पेटंट खोटे आहे असे म्हणण्याची मुभा त्या निकालानंतरही राहिली. जी फेरतपासणी कोणालाही मागता येते तीही न्यायालयाने काढून घेतली नाही. काढून घेतली ती एकच गोष्ट: सरकारने सरकारपुढे वादी होऊन उभे राहणे. गावच्या पंचायतीत पाटलाचा बांध आणि गरिबाचा बांध ह्यांचा तंटा असेल, तर निवाडा पाटलाच्या भावाने करू नये, एवढीच ही गोष्ट आहे. तो भाऊ प्रामाणिक असेलही. पण हरणाऱ्याला निकालावर विश्वास बसला पाहिजे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी कंपनीचा शोध खरा शोध आहे असे मुळीच म्हटले नाही. पाकिटावरची खूण हा अमूर्त विचार की पेटंटाला योग्य अशी पद्धत, हा प्रश्न त्याने हाताळलाच नाही. प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत गेले. म्हणजे हा निकाल शोधाच्या बाजूने नव्हता. तो रीतीच्या बाजूने होता. लोकांना पुष्कळदा वाटते की रीत ही वकिलांची करमणूक आहे. परंतु ज्याच्यापाशी दुसरे बळ नाही त्याला रीत हेच बळ असते.

आता आपण म्हणाल, हे सगळे अमेरिकेचे झाले, आपल्याकडे काय? आपल्याकडचे उत्तर मोठे मौजेचे आहे. ज्या शब्दासाठी अमेरिकेत अपिलांवर अपिले झाली, त्याचा अर्थ आपल्या कायद्याने १९७० सालीच एका ओळीत सांगून ठेवला आहे. भारताच्या पेटंट अधिनियमाच्या दुसऱ्या कलमातील व्याख्येप्रमाणे ‘व्यक्ती’ ह्या संज्ञेत शासनाचा समावेश होतो. विषय संपला! चौसष्टाव्या कलमात तर पेटंट रद्द करण्याचा अर्ज हितसंबंधी व्यक्तीने किंवा केंद्र सरकारने करावा असे नाव घेऊन लिहिले आहे.

ही ओळ उगाच आली नाही. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे १९११ चा इंग्रजी अमदानीतला कायदा चालू होता. औषधांची पेटंटे बहुतांशी परदेशी कंपन्यांच्या हाती होती. ह्या परिस्थितीचा विचार करून न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार ह्यांनी १९५९ साली अहवाल दिला आणि त्याच्या आधाराने १९७० चा कायदा झाला. ज्या देशातील पेटंटांचे मालक बहुधा परदेशात राहतात, त्या देशाच्या सरकारला जनतेचा वकील म्हणून उभे राहण्याची मोकळीक हवी, असे तेव्हा वाटणे स्वाभाविक होते. सहासष्टाव्या कलमाने त्याहूनही पुढचा अधिकार दिला. पेटंट राज्याला अपायकारक किंवा जनतेच्या सर्वसाधारण हिताविरुद्ध आहे असे केंद्र सरकारचे मत झाले, तर मालकाचे म्हणणे ऐकून घेऊन राजपत्रातील घोषणेने ते रद्द करता येते. २०१२ साली जांभूळ, लवंगपत्ती आणि चंदन ह्यांपासून मधुमेहावर तयार केलेल्या मिश्रणाचे पेटंट सरकारने ह्याच कलमाखाली रद्द केले. जांभळाच्या बियांचे चूर्ण मधुमेहाला देतात हे आपल्या आजीबाईच्या बटव्यालाही ठाऊक आहे. त्यामुळे त्या घोषणेवर फारसे कोणी अश्रू ढाळले नाहीत.

तरीपण अमेरिकन न्यायालयाला जे चमत्कारिक वाटले ते आपल्याकडे आपण समजून उमजून पत्करले आहे, हे विसरता कामा नये. म्हणूनच त्याच्या आजूबाजूची कुंपणे शाबूत ठेवली पाहिजेत. ती कोणती? पहिले, मालकाचे म्हणणे ऐकल्यावाचून काही होऊ नये. दुसरे, सरकार स्वतः शोध वापरील तेव्हा त्याने वाजवी मोबदला द्यावा. शंभराव्या कलमात त्याची तरतूद आहे, आणि पेटंट हे इतरांप्रमाणे सरकारलाही बंधनकारक आहे असे एकशे छपन्नावे कलम सांगते. तिसरे आणि सर्वांत मोठे, न्यायालयाचे दार. मध्यंतरी काही वर्षे पेटंटांची अपिले एका खास अपील मंडळाकडे जात असत. ते मंडळ २०२१ साली बंद झाले आणि अपिले पुन्हा उच्च न्यायालयांकडे आली. कामाचा बोजा वाढला हे खरे. पण ज्याच्या विरुद्ध सरकार उभे आहे त्याला सरकारच्या खात्याबाहेरचा न्यायाधीश मिळतो, हा लाभ लहान नाही.

शेवटी पुन्हा पाकिटाकडे येतो. उद्या घरी आलेले एखादे पाकीट हातात घ्या आणि पत्त्याच्या शेवटचे सहा आकडे पाहा. हा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. ज्यांनी ही योजना आखली ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचे. टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पहिला आकडा विभागाचा, पुढचे अधिकाधिक जवळ नेणारे, शेवटचे तीन टपालकचेरीचे. ज्या देशात एका नावाची दहा गावे आणि पत्ता लिहिण्याच्या दहा लिप्या, तेथे ह्या सहा आकड्यांनी किती पत्रे परत फिरण्यापासून वाचवली असतील! त्यावर कोणाचा हक्क नाही. तो सर्वांचा आहे. अमेरिकेचे पहिले पोस्टमास्तर जनरल बेंजामिन फ्रँकलिन ह्यांनीही आपल्या प्रसिद्ध शेगडीचे पेटंट देऊ केले असता घेतले नव्हते.

अशा माणसांना आपण नमस्कार करू. परंतु प्रत्येकाने तसेच वागावे असे म्हणता येणार नाही. वेलणकरांच्या पाठीशी खाते होते, फ्रँकलिनपाशी चालता छापखाना होता. ज्याने कर्ज काढून दोन खोल्यांत एखादी युक्ती उभी केली, त्याच्यापाशी सरकारने दिलेला तो कागदच काय तो असतो. तो कागद खोटा ठरला तर फाडावा. मात्र फाडणाऱ्याचा हात त्या कागदाची गरज पडलेल्या खात्याचा नसावा. बर्मिंगहॅमच्या एका लहान कंपनीने एवढेच म्हटले, आणि जगातल्या एका बलाढ्य सरकारला ते ऐकून घ्यावे लागले.